विश्लेषण : जंतूंना जिवाणूंनीच रोखू पाहणारे मेचनिकोव्ह कोण होते?

भाज्यांच्या रसात लॅक्टोबॅसिलस जिवाणू वाढवले, की ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात साल्मोनेला, लिस्टेरियासारख्या घातक जिवाणूंची वाढ रोखली जाते. चांगले जिवाणू घेऊन वाईटांना आवरण्याचा हा विचार लोकप्रिय केला एली मेचनिकोव्ह यांनी.

जन्म १८४५, खारकीव्हजवळ. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, हे त्यांनी दाखवले. त्याचा माग १८८२ मध्ये मेसिनात तारामाशाच्या अळ्यांत लागला होता. १९०८ चे नोबेल पॉल एर्लिश यांच्यासह मिळाले.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मात्र त्यांना म्हातारपणाने पछाडले. आतड्यातील कुजवणारे जिवाणू विष सोडून माणसाला थकवतात, असे त्यांचे मत. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांचा दाखला देत ते स्वतः रोज आंबट दूध पीत. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. त्याने आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेच नाही. आंबटपणाचा मुद्दा टिकला. अर्थात, रसाच्या भाज्या धुवाव्या लागतातच.