कुमारी सुसान बी. अँथनी

इ. स. १८५१ च्या मे महिन्यांतील गोष्ट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं न्यूयॉर्क संस्थानांत सेनेका फॉल्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें गुलामगिरीच्या विरुद्ध एक जाहीर सभा भरली होती, आणि ती ऐकण्यास रोचेस्टरहून एकतीस वर्षांच्या एक अविवाहित बाई आल्या होत्या. त्यांचें नांव सुसान अँथनी.

असल्या सभेस जाणें त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. पळून आलेल्या गुलामास आश्रय देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद ठरविणारा कायदा १८५० सालींच झाला होता, आणि उत्तरेकडील पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थांनाही हा विषय चव्हाट्यावर आलेला खपत नसे. त्या दिवशींचे वक्ते विल्यम लॉइड गॅरिसन व इंग्लंडचे जॉर्ज टॉम्सन हे होते. १८३५ सालीं बोस्टन शहरीं टॉम्सनसाहेबांना धरण्यासाठीं मोठा जमाव चालून गेला. ते सांपडले नाहींत, तेव्हां त्या जमावानें गॅरिसन यांनाच दोरी लावून रस्त्यांतून ओढलें! (हे टॉम्सनसाहेब आपल्या महाराष्ट्राला अगदींच परके नव्हेत. सातारचे पदच्युत छत्रपति प्रतापसिंह महाराज यांची बाजू त्यांनीं लंडन येथें कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत हिरिरीनें मांडली होती. रंगो बापूजी त्या वेळीं तेथेंच खटपट करीत होते.)

सभा आटोपल्यावर सुसानबाई आपल्या यजमानीण अमेलिया ब्लूमर यांच्याबरोबर रस्त्याच्या एका कोपऱ्यावर उभ्या होत्या. इतक्यांत दोन्ही वक्त्यांना घेऊन एक बाई घराकडे चाललेल्या दिसल्या. त्या एलिझाबेथ केडी स्टँटन. स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद १८४८ सालीं याच गांवीं भरविण्यांत त्या प्रमुख होत्या. ब्लूमरबाईंनीं दोघींची ओळख करून दिली. चार शब्द झाले न झाले तोंच स्टँटनबाई पाहुण्यांसह निघून गेल्या. सुसानबाई प्रथमदर्शनींच त्यांच्या मनास फार आवडल्या, परंतु घरीं मुलांनीं काय गोंधळ मांडला असेल या काळजींत त्यांना जेवावयास बोलाविण्याचेंही राहून गेलें. पुढें त्यांना याची मोठी रुखरुख वाटे. एवढ्याशा या भेटींतून जो स्नेह जडला तो एकावन्न वर्षें टिकला.

सुसानबाईंचा जन्म १५ फेब्रुवारी १८२० रोजीं मॅसॅच्युसेट्समधील अॅडम्स या गांवीं एका क्वेकर कुटुंबांत झाला. मुलीला लांब भागाकार कशाला हवा, असें म्हणून शाळेंतील मास्तरांनीं तो शिकविण्याचें नाकारलें, तेव्हां वडिलांनीं घरींच शाळा काढली असें सांगतात. १८३७ च्या मंदींत वडिलांचें दिवाळें वाजलें, आणि घरांतील चीजवस्तु लिलांवास निघाली. तींत आईच्या स्वतःच्या वस्तूही होत्या. कारण विवाहित स्त्रीचें जें जें असेल तें कायद्यानें पतीचें समजलें जाई. पुष्कळशा वस्तु मामांनीं विकत घेऊन परत केल्या म्हणून बरें. पुढें सुसानबाई शिक्षिका झाल्या, आणि त्याच कामाबद्दल पुरुषांना कितीतरी अधिक वेतन मिळतें हें त्यांना तेथें अनुभवानें कळलें.

स्टँटनबाईंना पुढें एकंदर सात मुलें झालीं. त्यांना घर सोडतां येत नसे. म्हणून भाषणें लिहावीं स्टँटनबाईंनीं व गांवोगांव हिंडून तीं करावीं सुसानबाईंनीं, अशी वांटणी झाली. कित्येकदां तर लेखणी चालावी म्हणून सुसानबाई त्यांचीं मुलें सांभाळीत! कडाक्याच्या थंडींत दारोदार फिरून त्यांनीं अर्जांवर सह्या मिळविल्या. १८६० सालीं न्यूयॉर्क संस्थानांत विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची ठरली. गुलामगिरी कायमची नष्ट व्हावी यासाठीं दोघींनीं पुढाकार घेऊन सुमारें चार लाख सह्या जमविल्या. मात्र युद्धानंतर काळ्या पुरुषांना मत मिळून स्त्रियांना तें नाकारलें गेलें, तेव्हां रागाच्या भरांत दोघींनीं काळ्या लोकांविषयीं जे उद्गार काढले ते अन्यायाचे होते, आणि त्यांमुळें जुने मित्र दुरावले. हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

५ नोव्हेंबर १८७२ रोजीं सुसानबाईंनीं रोचेस्टर येथें सरळ जाऊन मत दिलें. स्त्री असून मत दिलें, हा गुन्हा! त्यांना अटक झाली. खटल्यापूर्वीं त्यांनीं जिल्ह्यांतील गांवें पालथीं घालून व्याख्यानें दिलीं. सरकारी वकिलानें धास्तावून खटला शेजारच्या जिल्ह्यांत नेला, तर बाई तेथेंही जाऊन बोलूं लागल्या. जून १८७३ मध्यें कॅनँडेग्वा येथें न्यायाधीश वॉर्ड हंट यांनीं ज्यूरीला विचारविनिमयही करूं न देतां दोषी ठरविण्याची आज्ञा केली व शंभर डॉलर दंड ठोठावला. सुसानबाईंनीं त्यांतील एक डॉलरही कधीं भरला नाहीं. न्यायाधीशांनींही त्यासाठीं त्यांना तुरुंगांत धाडलें नाहीं. धाडलें असतें तर वरच्या न्यायालयाचा रस्ता मोकळा झाला असता.

मात्र याच बाईंनीं आपलें वृत्तपत्र बुडाल्यावर अंगावर आलेलें दहा हजार डॉलरांचें कर्ज व्याख्यानांच्या उत्पन्नांतून १८७६ पर्यंत पुरतें फेडलें होतें.

स्टँटनबाई १९०२ सालीं निवर्तल्या व सुसानबाई १३ मार्च १९०६ रोजीं. ज्या घटनादुरुस्तीसाठीं त्या १८७८ पासून वॉशिंग्टनला खेपा घालीत होत्या ती १९२० सालीं मंजूर झाली. सुसानबाईंना जाऊन तेव्हां चौदा वर्षें झालीं होतीं.