बहिरेपणा आणि संशय: बेथोव्हेनचं आयुष्य

‘सगळे माझ्याबद्दलच कुजबुजतात,’ असं घरातले आजोबा अलीकडे म्हणू लागलेत का? लगेच स्किझोफ्रेनियाची धास्ती घेऊ नका. आधी त्यांचे कान तपासून घ्या.

संगीतकार बेथोव्हेनचा जन्म १७७० साली जर्मनीतील बॉनचा. तिशीच्या आतच त्याला कमी ऐकू येऊ लागलं. लाजेपोटी तो माणसं टाळू लागला. १८०२ साली भावांना लिहिलेल्या पत्रात त्याने हे दुःख मांडलं, पण ते पत्र पाठवलंच नाही. १८१८पासून भेटायला येणारे त्याच्याशी वहीत लिहून बोलत. स्वभाव तापट होताच. त्यात नोकर फसवतात असा संशय, मित्रांशी भांडणं, मग पश्चात्ताप. १८२७ साली व्हिएन्नात तो वारला.

अर्धवट ऐकू आलेलं बोलणं मन भीतीने पूर्ण करतं. त्याच्या काळी आजच्यासारखी श्रवणयंत्रं नव्हती, तुमच्याकडे आहेत.

उतारवयात नव्याने संशय आला तर थायरॉईड, बी-१२, स्मृतिभ्रंश आणि स्टेरॉइडसारखी औषधं यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. औषध मात्र परस्पर बंद करू नका. एक-दोन दिवसांत अचानक संशय आणि गोंधळ सुरू झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.