खडकवासला ते वृंदावन गार्डन : आपली सहलीची ठिकाणं आणि त्यामागचे विश्वेश्वरय्या

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी खडकवासल्याला गेलात तर धरणाच्या काठी पाय ठेवायला जागा नसते. भाजलेली कणसं, कांदाभजी, चहाच्या टपऱ्या आणि सिंहगडाकडे निघालेल्या गाड्यांची रांग. हैदराबादकर असेच गंडीपेटच्या तलावावर जातात. म्हैसूरला गेलेला मराठी पर्यटक तर वृंदावन गार्डनची कारंजी पाहिल्याशिवाय परतत नाही.

या तिन्ही जागा एकाच माणसाच्या आयुष्याशी जोडलेल्या आहेत. ते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पण यातली एकही जागा त्यांच्या डोक्यात सहलीसाठी नव्हती. त्यांना चिंता होती ती वाया जाणाऱ्या पाण्याची.

मुद्देनहळ्ळीहून पुण्यात

आजच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी गावात त्यांचा जन्म झाला. तारीख १५ सप्टेंबर. साल काही नोंदींत १८६० आहे, तर काहींत १८६१. वडील संस्कृतचे जाणकार होते, पण ते लवकर गेले आणि घरची परिस्थिती बेताचीच राहिली. शिकवण्या करत विश्वेश्वरय्यांनी बंगळूरमध्ये १८८१ साली बी. ए. केलं. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच आजचं सीओईपी.

१८८३ मध्ये ते इंजिनियरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, सुरत, पुणे अशा बदल्या होत राहिल्या. मधल्या काळात सिंधमधल्या सक्कर शहराला नदीचं पाणी पुरवण्याचं कामही त्यांनी केलं. पुण्यात असताना न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला.

धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी

मुठा नदीवरचं खडकवासला धरण विश्वेश्वरय्या येण्याआधीच, १८७०च्या दशकात बांधलेलं होतं. कर्नल फाईफ या अधिकाऱ्याच्या नावावरून त्याच्या जलाशयाला लेक फाईफ म्हणत. पुणे शहर, लष्कर आणि कालव्यावरची शेती, सगळ्यांची भिस्त याच पाण्यावर. अडचण अशी की पावसाळ्यात सांडव्यावरून भरपूर पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं. धरणाची भिंत वाढवायची म्हटलं तर जुन्या दगडी बांधकामावर ताण येणार आणि खर्चही मोठा.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर स्वयंचलित दारं बसवण्याची योजना आखली. एरवी ही दारं बंद असायची, त्यामुळे सांडव्याच्या माथ्यावर आणखी काही फूट पाणी साठायचं. पूर आला आणि पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दारं आपोआप उघडायची, पूर ओसरला की पुन्हा मिटायची. मध्यरात्री पूर आला तरी माणूस धावत जाऊन चाक फिरवेल याची वाट पाहायची गरज उरली नाही.

१९०३ मध्ये ही दारं खडकवासल्याला बसली. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे पैसे घेणं त्यांनी नाकारलं, असं सांगितलं जातं. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावरही अशी दारं बसवली गेली.

याच काळात त्यांनी नीरा कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. पाणी मोजून द्यायचं आणि ठरावीक क्षेत्रात पिकांची फेरपालट करायची, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांनीच सगळं पाणी ओढायचं नाही. शेतकऱ्यांचा आधी याला विरोध झाला, नंतर ती रुळली.

हैदराबादचा पूर

मुंबई इलाख्याच्या नोकरीत भारतीयाला एका पायरीच्या वर चढणं अवघड होतं. १९०८ मध्ये त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त केलं आणि हजारो माणसं गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. नदीकाठी भिंती बांधून भागणार नाही, शहराच्या वरच्या अंगालाच पूर अडवला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यातून मुसीवर उस्मानसागर आणि ईसीवर हिमायतसागर उभे राहिले. उस्मानसागर म्हणजेच गंडीपेट.

कावेरीवरचं धरण

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. कन्नंबाडी गावाजवळ कावेरी अडवून मंड्याच्या कोरड्या भागाला पाणी द्यायचं आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींना वर्षभर वीज मिळेल अशी सोय करायची, ही त्यांची योजना. संस्थानाच्या तिजोरीला इतका खर्च झेपेल का, अशी शंका दरबारातच घेतली गेली. महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी अखेर मंजुरी दिली आणि १९११ मध्ये काम सुरू झालं.

पुढचा अडथळा मद्रास सरकारचा होता. वर पाणी अडलं तर खालच्या शेतीचं काय, हा त्यांचा सवाल. म्हणून आधी कमी उंचीच्या धरणालाच परवानगी मिळाली. म्हैसूरने मात्र पाया पूर्ण उंचीला पुरेल इतका रुंद घातला आणि वाद चिघळला. तो लवादापर्यंत गेला आणि १९२४ च्या करारात तात्पुरता मिटला. कावेरीच्या पाण्यावरचं भांडण आजही ऐकू येतं, त्याची मुळं इथवर जातात.

सिमेंटऐवजी चुना आणि विटांच्या भुकटीची सुरकी वापरून बांधलेलं हे धरण म्हणजे कृष्णराजसागर. त्यात मूळ कन्नंबाडीसह अनेक गावं बुडाली आणि तिथल्या कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. कारंजी पाहताना ही बाजूही लक्षात ठेवावी लागते.

दिवाणगिरी आणि राजीनामा

१९१२ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना यांची सुरुवात त्यांच्या काळातली. १९१८ मध्ये ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत वाटा देण्यासाठी महाराजांनी मिलर समिती नेमली. नेमणूक गुणवत्तेवरच व्हावी, यावर विश्वेश्वरय्या अडून राहिले आणि पायउतार झाले. शिक्षणाची दारंच ज्यांना बंद होती त्यांनी गुणवत्ता कुठून दाखवायची, हा प्रश्न त्यांच्या टीकाकारांनी विचारला. तो रास्तच होता.

वृंदावन गार्डनचं श्रेय अनेकदा त्यांनाच दिलं जातं, पण ती कल्पना नंतरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांची. १९२७ च्या सुमारास काम सुरू झालं आणि काश्मीरच्या शालिमार बागेच्या धर्तीवर धरणाच्या पायथ्याशी ही बाग फुलली.

एक धरण फुटलं तेव्हा

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. त्यानंतर सहा वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासलाही टिकलं नाही. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. इतकं पाणी एकदम येईल, असा हिशेब खडकवासल्याच्या सांडव्यासाठी कुणी मांडलेलाच नव्हता.

विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीत होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूरला त्यांचं निधन झालं. खडकवासला पुन्हा बांधून काढलं गेलं आणि आजही ते पुण्याची तहान भागवतं. १५ सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो तो त्यांच्याच स्मरणार्थ.