शुभ्र पात्रांचा सम्राट

‘चिनीमाती’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्यात एका देशाचे नाव आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्या देशात एक सम्राट असा होऊन गेला, की ज्याने या मातीच्या साध्या, शुभ्र पात्रांना रत्नांपेक्षाही वरचे स्थान दिले. त्याचे नाव युंगलो. मिंग घराण्याचा हा तिसरा सम्राट. त्याचे हात मात्र त्याच्या पात्रांइतके शुभ्र नव्हते. म्हणूनच त्याचे चरित्र मला विचार करण्याजोगे वाटते.

युंगलोचे मूळ नाव झू दी. जन्म १३६० सालचा. त्याचे वडील झू युआनझांग हे एका दरिद्री शेतकऱ्याचे पुत्र. १३४४ च्या दुष्काळात आणि रोगराईत त्यांचे आईवडील दगावले. पोरका झालेला हा मुलगा बौद्ध मठाच्या आश्रयाला गेला आणि भिक्षा मागत गावोगाव हिंडला. पुढे मंगोल सत्तेविरुद्धच्या बंडात तो सामील झाला आणि १३६८ साली स्वतःच सम्राट होऊन बसला! ज्याने एकेकाळी भिक्षापात्र हाती धरले होते, त्यानेच १३६९ साली आज्ञा काढली, की राजपूजेतील सर्व पात्रे चिनीमातीची असावीत.

झू दी हा या सम्राटाचा चौथा मुलगा. उत्तर सीमेचे रक्षण त्याच्याकडे सोपवण्यात आले. १३८० पासून तो आजच्या बीजिंगच्या जागी राहू लागला आणि मंगोलांशी लढण्यात त्याचे तारुण्य गेले. १३९२ साली थोरला भाऊ, म्हणजे युवराज, वारला. वडिलांनी गादी युवराजाच्या मुलाला देऊ केली आणि १३९८ साली तो तरुण नातू सम्राट झाला. आपल्या पराक्रमी काकांची त्याला धास्ती वाटत असावी. त्याने एकेका काकाचे अधिकार काढून घेण्यास सुरुवात केली. काका-पुतण्याच्या वैराच्या कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. १३९९ साली झू दीने बंड पुकारले. तीन वर्षे युद्ध चालले. १४०२ साली त्याचे सैन्य राजधानी नानजिंगमध्ये शिरले तेव्हा राजवाडा पेटला होता. पुतण्या त्या आगीत जळाला की निसटला, याचा निर्णय इतिहासाला आजही करता आलेला नाही.

फांग श्याओरू नावाच्या विद्वानाला राज्यारोहणाचा जाहीरनामा लिहिण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला. त्याबद्दल त्याला तर मारलेच, पण त्याच्या कुळातील माणसांचाही संहार केला. आणि या रक्तपातानंतर नव्या सम्राटाने आपल्या कारकिर्दीला नाव दिले युंगलो, म्हणजे चिरंतन सुख!

हाच माणूस शुभ्र रंगाचा भक्त होता. जिंगदेझेन या गावी राजभट्ट्या होत्या. तेथील कारागिरांनी याच्या काळात असा पांढरा रंग साधला, की पुढच्या पिढ्यांनी त्याला ‘गोड पांढरा’ असे नाव दिले. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचे प्रमाण वाढवायचे आणि मातीत व झिलईत लोहाचा अंश शक्य तितका कमी ठेवायचा, हे त्यातले मर्म. लोह राहिले तर पात्रावर निळसर-हिरवट छटा उमटते. काही वाट्या इतक्या पातळ केल्या जात, की त्यांतून उजेड आरपार दिसे. त्यांवर कोरलेली नक्षी एरवी दिसत नाही. वाटी उजेडासमोर धरली की मगच ती प्रकट होते. जरा उणे उतरलेले पात्र तेथेच फोडून पुरले जाई. १९८० च्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा युंगलोच्या सुरुवातीच्या काळच्या थरांत प्रामुख्याने पांढऱ्या खापरांचेच ढीग निघाले.

१४०६ साली पश्चिमेकडून आलेल्या एका मुस्लिम पाहुण्याने त्याला जेडच्या वाट्या नजर केल्या. चीनमध्ये जेड म्हणजे सोन्याहून मोलाचे. युंगलोने त्या परत केल्या. आपण रोज वापरतो ती चिनीमातीची पात्रे स्वच्छ आणि तेजस्वी आहेत, तेवढी आपल्याला पुरे आहेत, असे त्याचे म्हणणे होते.

हे पांढऱ्याचे वेड कशासाठी? चीनमध्ये पांढरा हा शोकाचा रंग आहे. चंद्राच्या पूजेची पात्रेही पांढरी असत. १४०७ साली युंगलोने तिबेटचे पाचवे कर्मापा यांना नानजिंगला बोलावले आणि त्यांच्याकडून आपल्या मृत आईवडिलांसाठी मोठे धर्मविधी करवून घेतले. भिक्षूच्या टोपीच्या आकाराच्या शुभ्र झाऱ्या याच तिबेटी संबंधाची आठवण देतात. १४१२ साली त्याने आईवडिलांच्या स्मरणार्थ नानजिंगला नऊ मजली मनोरा बांधायला घेतला. त्याच्या भिंती चिनीमातीच्या पांढऱ्या विटांनी मढवल्या होत्या. गंमत अशी, की त्याची खरी आई कोण, याविषयीच वाद आहे. आपण पट्टराणीचे पुत्र आहोत असे तो सांगे. अनेक अभ्यासक मात्र एका दुय्यम राणीचे नाव घेतात.

मग ही शुभ्रता मातृपितृभक्तीची, की हातावरचे डाग झाकण्यासाठी पांघरलेली? मला वाटते, दोन्ही खरे असावे. वडिलांनी ठरवलेला वारस ज्याने उखडला, त्यालाच वडिलांचा आज्ञाधारक पुत्र म्हणून जगापुढे उभे राहण्याची सर्वांत जास्त गरज होती. पण गरजेपोटी केलेली भक्ती खोटीच असते, असेही म्हणता येत नाही.

त्याचे कर्तृत्व थोर होते. ११,०९५ खंडांचा ज्ञानकोश त्याने १४०८ साली पुरा करवून घेतला. १४०५ पासून त्याची जहाजे झेंग हेच्या नेतृत्वाखाली आपल्या कालिकतपर्यंत आली. बीजिंगचा प्रचंड राजवाडा उभारून १४२१ साली त्याने राजधानी तेथे नेली. १४२४ साली मंगोलांवरील स्वारीहून परतताना वाटेतच तो वारला. त्याच्यामागे त्याच्या उपस्त्रियांनाही मरण पत्करायला लावले गेले. नानजिंगचा मनोरा १८५६ साली तायपिंग बंडाच्या धामधुमीत पाडला गेला.

वाट्या मात्र उरल्या. त्यांतील काहींच्या तळाशी युंगलोच्या राजवटीची चार अक्षरे आहेत. सम्राटाच्या राजवटीची अशी मुद्रा राजभट्टीच्या पात्रांवर याच काळात प्रथम दिसते. ज्याने ती माती मळली, चाकावर चढवली, भट्टीची आग रात्रंदिवस राखली, त्याचे नाव कोठेच नाही. राबणाऱ्यांच्या घरातून कॉलेजात आलेल्या माझ्यासारखीला ही उणीव डोळ्यांत भरते. युंगलोला इतिहासाने थोर म्हणावे की क्रूर, हे विद्वानांनी ठरवावे. मी एवढेच म्हणेन, की ती शुभ्रता त्याला हवी होती, पण ती निर्माण केली दुसऱ्यांच्या हातांनी. त्या पात्रांपुढे मान लववायचीच असेल, तर ती त्या हातांना लववावी.