तेनझिंग यांच्या पाठीवरचे ओझे

एप्रिल लागला, की आमच्या बाह्यरुग्ण विभागात हिमालयात ट्रेकला निघालेली मंडळी येऊ लागतात. त्यांना तंदुरुस्तीचा दाखला हवा असतो. रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन बघून आणि दम्याची चौकशी करून मी सही करतो. अलीकडे मात्र आणखी एक प्रश्न विचारतो : तुमची सॅक कोण उचलणार, आणि वर तोच आजारी पडला तर त्याचे काय होणार? बहुतेकांकडे उत्तर नसते. मला हा प्रश्न पडला तो तेनझिंग नोर्गे यांच्या आयुष्याविषयी वाचताना.

तेनझिंग यांचा जन्म १९१४चा. नेमक्या तारखेची नोंद नव्हती, म्हणून पुढे एव्हरेस्ट सर केल्याचा दिवस, २९ मे, हाच त्यांचा वाढदिवस ठरला. वडील याक राखत. तेरा भावंडांतले ते अकरावे आणि त्यांतली बरीच भावंडे लहानपणीच दगावली. एव्हरेस्टच्या पायथ्याशी, नेपाळच्या खुंबू भागातल्या थामे गावात ते वाढले. शाळा कधी पाहिली नाही. १९३२मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी घर सोडून दार्जिलिंग गाठले. तेव्हा नेपाळ परदेशी गिर्यारोहकांना बंद होता आणि एव्हरेस्टच्या मोहिमा दार्जिलिंगहून तिबेटमार्गे जात. काम मिळण्याची आशा तिथेच होती.

ते काम किती जोखमीचे होते, हे दार्जिलिंगच्या शेर्पा वस्तीत सगळ्यांना ठाऊक होते. १९२२मध्ये एव्हरेस्टवर हिमस्खलनात सात भारवाहक गेले होते. १९३४मध्ये नांगा पर्वतावरच्या वादळात सहा शेर्पांचा जीव गेला. तरीही १९३५मध्ये एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत निवड झाली, तेव्हा तेनझिंग यांना आनंदच झाला. १९३६ आणि १९३८मध्येही ते एव्हरेस्टवर गेले. १९३८ला खूप उंचावर ओझे पोहोचवल्याबद्दल हिमालयन क्लबने त्यांना ‘टायगर’ हा किताब दिला. या क्लबचे मुख्य कार्यालय आज मुंबईत आहे. शेर्पांच्या कामाची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत या क्लबने दार्जिलिंगमध्ये चालवली होती.

भारवाहक आणि गिर्यारोहक यांच्यातली भिंत १९५२मध्ये स्विस मोहिमेने ओलांडली. तेनझिंग त्या मोहिमेचे सरदार होते, शिवाय चढाई चमूचे पूर्ण सदस्यही. रेमंड लँबेर यांच्यासोबत त्यांनी सुमारे ८,४०० मीटरवर एक रात्र काढली, स्लीपिंग बॅग आणि स्टोव्हशिवाय. बर्फ वितळवायला एक मेणबत्ती होती. झोप लागली तर शरीराचे तापमान घसरणार, म्हणून दोघे एकमेकांना चोळत, थोपटत जागे राहिले. त्या रात्री मालक-नोकर असा भेद ठेवला असता तर दोघेही वाचले नसते. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले आणि तिथून परतले.

त्याच वर्षी शरद ऋतूत ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. परतल्यावर मलेरियाने गाठले आणि पाटण्याच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले. वजन बरेच उतरले. आज एखादा रुग्ण अशा अवस्थेत माझ्यासमोर आला, तर मी त्याला काही महिने उंचावर जाऊ देणार नाही. तेनझिंग मात्र काही महिन्यांतच ब्रिटिश मोहिमेवर निघाले.

या मोहिमेत वीस शेर्पा आणि ३६२ भारवाहक होते. काठमांडूला ब्रिटिश सदस्यांची सोय वकिलातीत झाली आणि शेर्पांची गॅरेजमध्ये. तिथे शौचालयही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेर्पांनी गॅरेजसमोरच्या रस्त्यावर लघवी करून निषेध नोंदवला. सरदार म्हणून मध्यस्थी तेनझिंग यांच्या वाट्याला आली. सार्वजनिक आरोग्याच्या नजरेने बघितले, तर शेर्पांची मागणी अगदी साधी होती : निवारा आणि शौचालय.

पुढे खुंबूच्या हिमप्रपातात एडमंड हिलरी हिमभेगेत कोसळले, तेव्हा तेनझिंग यांनी दोर धरून त्यांना वाचवले. २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराला दोघे शिखरावर पोहोचले. एव्हरेस्टवर जाण्याची तेनझिंग यांची ती सातवी वेळ होती. हिलरी आणि मोहिमेचे नेते जॉन हंट यांना ‘सर’ हा किताब मिळाला, तेनझिंग यांना जॉर्ज पदक.

शेर्पांना उंचीचा त्रास होत नाही, असा समज आजही आहे. त्यात तथ्य अर्धेच आहे. पिढ्यान् पिढ्या उंचावर राहिलेल्या तिबेटी आणि शेर्पा लोकांमध्ये ‘ईपीएएस१’ या जनुकाचे एक वेगळे रूप आढळते. त्यामुळे विरळ हवेतही त्यांचे हिमोग्लोबिन आपल्यासारखे बेसुमार वाढत नाही आणि रक्त फार घट्ट होत नाही. पण हिमदंश, हिमस्खलन आणि पाठीवरचे जड ओझे जनुक बघून येत नाहीत. शिवाय नेपाळच्या ट्रेकवरचे बरेच भारवाहक खालच्या डोंगरांतले राई, तामांग, मगर असतात. उंची त्यांना आपल्याइतकीच नवी असते. फुप्फुसात पाणी साचण्याचा धोकाही तितकाच असतो, आणि पाठीवर ओझे असते ते वेगळेच.

तेनझिंग यांचे उत्तरायुष्य या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते. नोव्हेंबर १९५४मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिच्या क्षेत्रीय प्रशिक्षणाची धुरा त्यांनी १९७६पर्यंत सांभाळली. जे काम ओझी वाहता वाहता अंगावर घेऊन शिकावे लागे, ते आता शिकवून येऊ लागले. १९७८मध्ये त्यांनी स्वतःची ट्रेकिंग कंपनी काढली. एकेकाळी मोहिमेत निवड व्हावी म्हणून रांगेत उभा राहणारा माणूस आता मोहिमा नेऊ लागला. ९ मे १९८६ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने दार्जिलिंगमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर अंत्यसंस्कारही इन्स्टिट्यूटच्याच आवारात झाले.

काम मात्र अपुरे आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी त्याच खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. सरकारने प्रत्येक कुटुंबाला सुरुवातीला चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले, त्यावर संताप उसळला आणि पुढे विम्याची किमान रक्कम पंधरा लाख करावी लागली.

म्हणून ट्रेकचे पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा. भारवाहकाचा विमा आहे का? नेपाळमध्ये एका माणसावर तीस किलोपेक्षा जास्त ओझे नको, ही मर्यादा पाळली जाते का? त्याला बूट, उबदार कपडे, रात्रीचा निवारा मिळतो का? बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर तुमच्याप्रमाणे त्यालाही ताबडतोब खाली न्यायचे असते आणि तेही सोबत देऊन. आजारी भारवाहकाला पगार देऊन एकट्याला उतरवणे जिवावर बेतू शकते. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरहून अधिक उंच नको आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस हवा. घाईचा कार्यक्रम तुमच्याइतकाच त्यालाही महागात पडतो. आणि आपला कचरा आपणच खाली आणा, कारण वरचा बर्फ वितळून येणारे पाणीच खालची गावे पितात.

दाखल्यावर मी तुमची प्रकृती लिहून देतो. तुमची सॅक उचलणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी तुम्हालाच करावी लागेल.