गंधर्वांच्या घरातील तिघीजणी

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. जन्म २६ जून १८८८, मृत्यू १५ जुलै १९६७. त्यांच्या गाण्याविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. परंतु त्यांचे चरित्र वाचताना माझे लक्ष राहून राहून त्यांच्या घरातील बायकांकडे जाते. कीर्तीचे मोल कलावंत देतो हे खरे, पण त्यातला मोठा वाटा घरची माणसे मुकाट्याने भरतात. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयीच चार शब्द लिहावेत असे मला वाटले.

लहानपणी पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव कायमचे झाले. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला होऊन उभे राहिले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. घरंदाज बायका त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखे गजरे माळू लागल्या. बाईने कसे दिसावे हे एका पुरुषाने बायकांना शिकवावे, ही त्या कीर्तीची नवलाई!

पहिली आठवते ती त्यांची लहानगी मुलगी. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी ती गेली. थिएटरात प्रेक्षक येणार होते. गंधर्वांनी प्रयोग थांबवू दिला नाही. रंग लावला आणि ते भामिनी होऊन हसले, गायले. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट आजवर सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री तिच्या आईने काय केले असेल, हे विचारायचे आपण विसरतो.

ती आई म्हणजे लक्ष्मीबाई, ही दुसरी. नाटक मंडळी गावोगाव फिरे, रात्री प्रयोगात जात. नवरा साऱ्या मुलुखाचा लाडका, म्हणून घराच्या वाट्याला उरेल तेवढा. गंधर्व प्रेक्षकांना अन्नदाते मानीत. त्यांना उणे काही दाखवायचे नाही म्हणून उंची शालू, खरी अत्तरे, तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष! या थाटापायी मंडळीवर लाखाच्या वर कर्ज झाले. त्यांनी मान खाली घालून वर्षानुवर्षे गाऊन ते फेडले, पण खर्चाचा हात आखडला नाही. १९३५ साली ते प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ झाले. समोर रसिक नाहीत, नुसता कॅमेरा. तिथे त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या.

तिसऱ्या गोहरबाई कर्नाटकी, सिनेगायिका अमीरबाईंच्या भगिनी. त्या गंधर्वांची गायकी गळ्यात घेऊन आल्या आणि त्यांच्यासोबत रंगभूमीवर नायिका झाल्या. मग लोकांनी तोंडसुख घेतले. वर्तमानपत्रांतून टीका झाली. बाईने भुरळ घातली, तिनेच त्यांना बुडविले, असे घरोघर बोलले गेले. मला हे पटत नाही. कर्जाचा डोंगर त्या येण्याच्या कितीतरी आधीचा. बोलपटाने नाटकाचा प्रेक्षक ओढला तोही आधीच. गंधर्वांचे वय झाले होते, देह सुटला होता. लोकांना मात्र तीच १९११ ची भामिनी हवी होती. आपल्या आवडत्या माणसाचे म्हातारपण आपल्याला सोसवत नाही, म्हणून दोष एका बाईच्या पदरात टाकला. लक्ष्मीबाईंचे दुःख खरे होते, ते मी झाकीत नाही. पण पुढे गंधर्वांचे पाय गेले, चालवेनासे झाले, तेव्हा त्यांची सेवा गोहरबाईंनीच केली. १९६४ साली गंधर्वांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच साली गोहरबाई गेल्या. पुढल्या तीन वर्षांत गंधर्वही गेले. १९६८ मध्ये पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले. त्या तिघींचे नाव कुठे नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. आपल्या सोनईतली एखादी मुलगी भजनात किंवा शाळेच्या संमेलनात गोड गायली, तर तिचे गाणे घटकेत मोबाइलवरून गावोगाव जाते. कौतुक जितके लवकर येते तितकीच लवकर टवाळीही येते. तिच्या रंगावर, कपड्यांवर, आईबापांवर. गंधर्वांना निदान पडदा पडल्यावर रंग पुसता येत होता. या पोरींचा पडदा पडतच नाही.

तेव्हा भगिनींनो, मुलींना जरूर गाऊ द्या, शिकवा, टाळ्याही भरपूर वाजवा. पण तिचा घसा बसला तर तिला निजू द्या, सूर चुकला तर तो चारचौघांत फिरवू नका. आणि कुणा कलावंताचे घर मोडले असे कानावर आले, तर त्यात बाई कोण होती हे आधी शोधू नका.