गिऱ्हाईकं पळवली जातायत असा संशय आला आणि अंत्यविधीवाल्याने टेलिफोन ऑपरेटरचं कामच मशीनला दिलं

सोलापूरचा एसटीडी कोड कोणता? ०२१७. हे आकडे दाबले की फोन बरोबर सोलापुरात जातो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते ट्रंक कॉलचे किस्से सांगतील. कॉल बुक करायचा आणि ऑपरेटर जोडून देईपर्यंत वाट बघत बसायचं.

हा मधला माणूस हटवणाऱ्या गड्याचं नाव अल्मन ब्राऊन स्ट्रौजर.

स्ट्रौजरचा जन्म १८३९ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. त्याने अमेरिकेच्या यादवी युद्धात भाग घेतला, पुढे शाळेत शिकवलं आणि मग अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा धंदा टाकला. कॅन्सस सिटीत असताना त्याची गिऱ्हाईकं कमी व्हायला लागली. असं सांगितलं जातं की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रौजरसाठी आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. किस्सा किती खरा, यावर वाद आहे. पण ऑपरेटरवरचा त्याचा विश्वास उडाला होता, हे नक्की.

कारण तेव्हा फोन कुणाला जोडायचा हे एकाच खुर्चीवर ठरायचं. त्या खुर्चीवरच्या माणसाने चूक केली किंवा लबाडी केली, तरी गिऱ्हाईकाला कळायचंही नाही.

म्हणून स्ट्रौजरने असा स्विच आखला, जो फोन करणाऱ्याच्या इशाऱ्यावर चालेल. मार्च १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ३ नोव्हेंबर १८९२ ला इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात त्याच्या पद्धतीचं एक्स्चेंज सुरू झालं. डायल तेव्हा नव्हता, बटणं दाबून आकडा पाठवावा लागायचा. डायल नंतर त्याच्या कंपनीतल्या इतरांनी आणला.

पुढे सुधारत गेलेला हा स्विच चालायचा कसा? समजा ६४ नंबर हवाय. पहिल्या आकड्याला स्विचचा दांडा सहा पायऱ्या वर चढायचा, दुसऱ्या आकड्याला चार घरं आडवा फिरायचा. ६४ ची तार सापडली, फोन जोडला. गिऱ्हाईकं वाढली की एक्स्चेंजमध्ये आणखी स्विच बसवायचे.

आता थेट आजच्या डेटा सेंटरमध्ये या. तिथल्या मोठ्या मॉड्युलर नेटवर्क स्विचला खाचा असतात आणि खाचांमध्ये लाइन कार्डं बसवतात. मुख्य कार्ड कुठला पत्ता कुठल्या दारातून जाणार याचा तक्ता तयार करतं आणि त्याची प्रत प्रत्येक लाइन कार्डला देतं. डेटाचं पाकीट आलं की लाइन कार्ड स्वतःच्या तक्त्यात पत्ता बघतं, पाकीट मधल्या फॅब्रिकमधून योग्य कार्डाकडे ढकलतं आणि ते कार्ड त्याला बाहेर सोडतं.

कुर्डुवाडी जंक्शनचं उदाहरण घ्या. प्रत्येक प्रवाशाने सोलापूरची गाडी कुठली, मिरजेची कुठली हे स्टेशन मास्तरलाच विचारलं तर रांग बाहेर जाईल. तेच वेळापत्रक प्रत्येक दारावर लावलं, तर गर्दी आपोआप पांगते. लाइन कार्डं नेमकं हेच करतात.

फरक एवढाच, की स्ट्रौजरच्या एक्स्चेंजमध्ये बोलणं संपेपर्यंत तार अडकून राहायची. इथे दर पाकिटाचा निर्णय वेगळा होतो, म्हणून एकाच वाटेवरून हजारो लोकांचा डेटा जातो.

भारतात पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज १९१३-१४ च्या सुमारास शिमल्यात बसलं. स्वातंत्र्यानंतर बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने स्ट्रौजर पद्धतीची एक्स्चेंज बनवली आणि देशाचे फोन कित्येक वर्षं त्यांच्यावर चालले.

आणि स्ट्रौजरला काय मिळालं? १८९६ मध्ये त्याने आपली पेटंट १,८०० डॉलरला विकली. दोन वर्षांनी कंपनीतला हिस्साही १० हजार डॉलरला दिला. २६ मे १९०२ ला फ्लोरिडात तो वारला. १९१६ मध्ये हीच पेटंट बेल कंपनीने २५ लाख डॉलरला घेतल्याचं सांगितलं जातं.

पैसा दुसऱ्यांनी कमावला. पण आज ०२१७ फिरवल्यावर तुमचा फोन कुणाला जोडायचा हे मध्ये बसलेला कुणी ठरवत नाही. त्याची सुरुवात एका अंत्यविधीवाल्याच्या संशयातून झाली होती.